उपवासकाळात आलेल्या पाहुण्यांना वाढायचे कसे? (उदयनगर यात्रा, २५ फेब्रुवारी २०२६)

रामबागकर, इंदूर

सर्वांना नमस्कार. अंगावर घेतलेल्या एका जबाबदारीविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

येत्या २५ फेब्रुवारीला धन्य राणी मारिया यांचा स्मृतिदिन आहे. त्यासाठी महाराष्ट्रातून मराठी बोलणाऱ्या कॅथलिक यात्रेकरूंची एक बस येणार आहे. ही मंडळी आदल्या दिवशी संध्याकाळी इंदुरात पोहोचतील, रात्री इथेच मुक्काम करतील आणि सकाळी उदयनगरकडे निघतील. मी पूर्वी ज्या शाळेत शिकवत होते तिथल्या एका सिस्टरांचा मला फोन आला. पाहुणे मराठी आहेत, इथली बरीच कॅथलिक कुटुंबे हिंदी किंवा मल्याळम बोलणारी आहेत, तेव्हा रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि सोबतचा डबा एवढे तुमचे महिला मंडळ पाहील का, असे त्यांनी विचारले. मी लगेच होकार दिला, आणि मंडळातल्या एकीनेही कुरकुर केली नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

ज्यांना राणी मारिया यांच्याविषयी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. केरळातल्या पुल्लुवळी गावी १९५४ साली जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी १९९२ पासून देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करत होत्या. आदिवासी भूमिहीन मजुरांना सावकाराच्या विळख्यातून सोडवणे, त्यांना सरकारी योजनांची आणि आपल्या हक्कांची माहिती करून देणे, हे त्यांचे काम काही लोकांना खुपत होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, नाचनबोरच्या डोंगराजवळ, इतर प्रवाशांच्या देखत त्यांची चाकूने भोसकून हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच झालेल्या सोहळ्यात त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांची समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये आहे.

आता माझी अडचण. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आहे, म्हणजे पाहुणे येतील तेव्हा त्यांचा उपवासकाळ सुरू होऊन आठवडा झालेला असेल. आमच्या मंडळाला गणपतीत आणि नवरात्रात मोठ्या पंगती उठवायची सवय आहे. वाढप्यांनी आग्रह केला नाही तर यजमानाला कमीपणा येतो अशा वळणात आम्ही वाढलो आहोत. ज्याने काही सोडण्यासाठीच प्रवास केला आहे त्याला आग्रह करून वाढणे म्हणजे त्याच्या व्रताच्या आड येणे होईल का? आणि आग्रह न करता, मोजके वाढून पाहुण्याला उठू द्यायचे, तर त्याला आतिथ्य म्हणायचे तरी कसे? काही साध्या शंकाही आहेत. त्यांच्या उपवासाला साबुदाणा, भगर लागते का? कांदा-लसूण चालतो का? आम्ही त्यांच्याबरोबर उदयनगरला गेलो तर मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी कुठे बसावे, काय करावे? समाधीवर वाहायला झेंडूचे हार न्यावेत का? कृपया माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे.

वसईची लेक, इंदूर

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार समाधान वाटले. मी जन्माने वसईची, कॅथलिक, आणि लग्नानंतर इंदूरची झाले, त्यामुळे दोन्हीकडच्या रीती थोड्याफार जाणते. आधी व्यवहाराचे सांगते, मग आग्रहाविषयी, कारण खरा प्रश्न तोच आहे.

ख्रिस्तसभेच्या नियमाने सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस असतो: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या सर्वांना तो लागू असतो. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचे आणि गरज वाटल्यास आणखी दोनदा थोडेसे खायचे, पण ती दोन खाणी मिळून एक पूर्ण जेवण होता कामा नये. मांसवर्जन चौदा वर्षांवरील सर्वांना असते. आजारी माणसे आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना उपवास लागू नाही. तुमचे पाहुणे २४ तारखेला मंगळवारी रात्री जेवतील आणि २५ ला बुधवार आहे. म्हणजे नियम म्हणून त्या दोन्ही दिवशी कोणावर कसलेही बंधन नाही. धान्य वर्ज्य नसतेच, तेव्हा साबुदाणा आणि भगर यांच्या खटाटोपात पडू नका. कांदा-लसूणही चालतो. उलट शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली खिचडी समोर आली तर तिला उपवासाचे म्हणावे की मेजवानी, असा प्रश्न त्यांनाच पडेल. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपण सगळेच जाणतो.

नियम एवढाच असला तरी माणसे त्यापलीकडे बरेच काही स्वतःहून सोडतात. कोणी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे यंदा ५ एप्रिलपर्यंत, मांस-मासे सोडतो. कोणी साखर सोडतो, कोणी चहा, कोणी रात्रीचे जेवण. माझ्या माहेरी, जिथे ताटात मासा नसेल तर जेवण झाले असे कोणाला वाटत नाही, तिथे हे चाळीस दिवस डाळ आणि भाजीवर निघतात, आणि त्याची कोणी वाच्यताही करत नाही. स्वयंपाक शाकाहारी ठेवा म्हणजे निम्मा प्रश्न मिटेल.

उरलेला निम्मा प्रश्न तुमच्या मंडळातल्या भगिनींना नीट समजावून सांगावा लागेल, कारण तो आपल्या चांगल्या सवयीच्या विरुद्ध जाणारा आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय राखेच्या बुधवारी वाचला जातो. दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी गुप्तपणे करा, असे येशू तिथे सांगतो. उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे तुझा उपवास आहे हे माणसांना कळणार नाही, तुझ्या पित्याला तेवढे कळेल. आता तुमची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी श्रीखंड घेऊन येते. पाहुणी पानावर हात आडवा धरते. वाढपी म्हणते, “अहो, थोडेसे तरी!” पाहुणी पुन्हा नको म्हणते. “मधुमेह आहे का?” “नाही.” “मग काय, आवडत नाही का?” शेवटी त्या बाईला सगळ्यांच्या देखत सांगावे लागते की मी या काळात गोड सोडले आहे. तिने मनात जपलेली गोष्ट तुमच्या प्रेमाने चव्हाट्यावर आणली. तिने पुरता आठवडा कोणाला कळू दिले नव्हते, आणि आता बसभर लोकांना कळले. तिला जेवण नको होते असे नाही. तिला फक्त कारण सांगायचे नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की या वेळी पंगत बसवू नका. जेवण टेबलावर मांडा आणि ज्याला जे हवे ते ज्याच्या-त्याच्या हाताने घेऊ द्या. आमटी, भात, भाकरी, एक उसळ, एक पालेभाजी, ताक, चटणी इतके पुष्कळ झाले. कोणाचे ताट किती भरले आहे याकडे कोणी पाहू नये आणि त्यावर बोलूही नये. कोणी नुसते ताक आणि अर्धी भाकरी घेऊन उठला तरी “एवढेच?” हा शब्द तोंडातून निघता कामा नये. जमल्यास गटप्रमुखांना आधी फोन करून औषधपाण्याची पथ्ये कोणाला आहेत तेवढे विचारून ठेवा. व्रते विचारू नका.

नाश्त्याच्या वेळेचे भान मात्र ठेवा. ख्रिस्तशरीर (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) स्वीकारण्यापूर्वी किमान एक तास पाणी आणि औषध यांखेरीज काही घ्यायचे नसते. वृद्धांना आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. बस लवकर निघणार असेल तर निघण्यापूर्वी पोहे आणि चहा द्या, वाटेत खाण्याचे पुडे देऊ नका. अनेक जण ते संकोचाने हातात धरून बसतात.

मिस्साविषयी. तुम्ही सर्वांनी खुशाल यावे. कुठेही बसा. लोक उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकतील तेव्हा बसून राहिलात तरी कोणाला वावगे वाटणार नाही. ख्रिस्तशरीर घेण्यासाठी रांग लागेल तेव्हा आपल्या जागी थांबा. ते फक्त कॅथलिक घेतात. आपल्याकडे प्रसाद न घेता निघणे अवमानाचे समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. तिथे न घेण्यात अनादर नाही. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतील, ‘आलेलुया’ हा आनंदाचा जयघोष गायला जाणार नाही, आणि वेदीवर फुले नसतील, कारण उपवासकाळात वेदी फुलांनी सजवत नाहीत. समाधीपाशी हार चालेल की नाही हे तिथल्या सिस्टरांना विचारूनच ठरवा.

नर्मदाकाठ, मंडलेश्वर

मी ख्रिस्ती नाही आणि त्यांच्या शास्त्राविषयी मला अधिकाराने काही सांगता येणार नाही. परंतु आमच्या घराण्यात परिक्रमावासींची, म्हणजे नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणाऱ्यांची, सेवा आजोबांपासून चालत आली आहे, आणि ‘सोडून निघालेल्या माणसाला जेवू कसे घालावे’ हा ताईंचा प्रश्न आमच्या ओसरीवर रोज उभा असतो, म्हणून लिहितो.

परिक्रमावासी नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून चालतो, तिचे पात्र ओलांडत नाही, सोबत फार साठवत नाही. त्यांच्यातही प्रत्येकाचा नेम निराळा. कोणी एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवणारा) असतो, कोणी दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले खात नाही, कोणी मौनात असतो. दारात “नर्मदे हर” असा पुकारा झाला की आमच्याकडे एकच प्रश्न विचारण्याची पद्धत आहे: “भोजनप्रसादी घ्याल की सदाव्रत?” सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा, पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, तिखट, थोडे तेल. तो घेऊन माणूस आपल्या हाताने, आपल्या नेमाने, आपल्याला हवे तेवढे शिजवतो. या प्रश्नाची खुबी अशी की त्याचे कोणतेही उत्तर दिले तरी पाहुण्याला कारण सांगावे लागत नाही आणि यजमानाच्या दारातून तो रिकाम्या हातानेही जात नाही. वसईच्या ताईंनी मत्तयाचा जो अध्याय सांगितला तो वाचताना मला हेच आठवले.

अहिल्याबाईंनी तीर्थोतीर्थी घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली हे आपण इंदूर-महेश्वरची माणसे अभिमानाने सांगतो. त्या परंपरेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अन्नछत्रात जेवणाऱ्याला तू कोण, कुठला, कशासाठी निघालास असे विचारत नाहीत.

दुसरे असे की, जेवणाच्या आधीच्या गोष्टींकडे आपले दुर्लक्ष होते. चालून किंवा बसमधून दमून आलेल्या माणसाला पहिली गरज असते ती पाणी, स्वच्छ संडास आणि पाय पसरायला जागा यांची. आमच्याकडे एका मोठ्या परातीत कोमट पाणी आणि मीठ ठेवलेले असते. आलेला माणूस त्यात पाय बुडवून बसतो, आणि त्या वेळात त्याच्याशी कोणी बोलत नाही. चौकशा, गप्पा, कुठून आलात, मुले काय करतात, हे सगळे नंतर. यात्रेकरू आतून काही तरी घेऊन आलेला असतो, त्याला ते सांभाळू द्यावे. तुमच्या पाहुण्यांना रात्री प्रार्थनेसाठी एक शांत खोली काढून देता आली आणि त्या मजल्यावर टीव्ही बंद ठेवता आला, तर माझ्या मते चार पदार्थ जास्त केल्यापेक्षा ती सेवा मोठी होईल.

आणखी एक. यंदा रमजानही त्याच सुमारास सुरू होत आहे. बसचा चालक किंवा क्लीनर रोजेदार असला तर सूर्यास्ताच्या वेळी त्याच्यासाठी खजूर, पाणी आणि गरम जेवण वेगळे काढून ठेवा, आणि पहाटेच्या सहरीचीही विचारपूस करा. पाहुण्यांच्या गडबडीत चालकाला विसरतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

जुना राजवाडा, इंदूर

वरच्या दोन्ही उत्तरांविषयी आदर बाळगून थोडा वेगळा विचार मांडतो. आपण उपवासकाळाचा विचार करता करता २५ तारीख विसरत आहोत. हुतात्म्याच्या मृत्यूचा दिवस हा ख्रिस्ती परंपरेत त्याचा स्वर्गातला जन्मदिवस मानला जातो, तो शोकाचा दिवस नसतो. २०१७ च्या सोहळ्याला सेंट पॉल शाळेच्या मैदानावर मीही गेलो होतो. रोममधून कार्डिनल आंजेलो आमातो आले होते, देशभरातून माणसे लोटली होती, आणि तिथे जे वातावरण होते ते निखळ आनंदाचे होते. मग वर्षातून एकदा, इतक्या लांबून, आपल्या भागातल्या संतवृत्तीच्या स्त्रीला वंदन करायला आलेल्यांना आमटी-भाकरी देऊन वाटेला लावायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. माळव्याची रीत दाल-बाफले (डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) आणि लाडवाची आहे. तेवढे तरी व्हावे. ज्याला नको तो घेणार नाही.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. पंगतीचा बेत मी आजच रद्द केला आणि टेबलांची व्यवस्था करायला सांगितले. मंडळात यावरून बरीच चर्चा झाली. एका भगिनीने विचारले की पाहुण्याला नुसते मांडून ठेवणे म्हणजे हॉटेलासारखे नाही का होणार? तेव्हा माझ्या सासूबाईंनी, ज्यांचा आग्रह सबंध रामबागेत प्रसिद्ध आहे, असे सुचवले की वाढायचे नसेल तर आपण त्यांच्या ताटांच्या पलीकडच्या बाजूला न राहता त्यांच्यातच बसून तेच जेवावे. मला ते फार आवडले.

चालकाचे आमच्या ध्यानातच आले नसते, त्याबद्दल विशेष आभार. गोडाचा प्रश्न मात्र अजून मनात आहे. पाहुण्यांना गोडाशिवाय पाठवायचे नाही असे सासूबाईंचे म्हणणे आहे, आणि ‘जुना राजवाडा’ यांचा मुद्दाही मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. वसईच्या ताईंनी यावर लिहावे.

वसईची लेक, इंदूर

‘जुना राजवाडा’ यांनी मांडलेले तत्त्व बरोबर आहे. हुतात्म्याचा दिवस आनंदाचाच. परंतु उपवासकाळातल्या साध्या वारी स्मृतिदिन आला तर त्याचे स्मरण होते आणि काळाचा जांभळा रंग तसाच राहतो, असा उपासनेचा सर्वसाधारण क्रम आहे. समाधी जिथे आहे तिथे काय करायचे ते तिथले धर्मगुरू ठरवतील. शिवाय १९९५ साली राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे सिस्टर राणी मारिया यांना मृत्यू आला तो उपवासकाळ सुरू होण्याच्या अवघे चार दिवस आधी. त्या वर्षी त्यांच्या माणसांनी कपाळावर राख लावून घेतली असेल तेव्हा त्यांच्या मनात काय असेल, याचा विचार मी दर वर्षी करते. या यात्रेतून मला आनंद आणि प्रायश्चित्त वेगळे काढता येत नाहीत.

तुमच्या सासूबाईंनी जे सुचवले ते सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीशी जुळते, हे त्यांना जरूर सांगा. मठात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत तो ख्रिस्तच आहे असे समजून करावे, असे त्या नियमावलीच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात लिहिले आहे, आणि तिथेच असेही आहे की पाहुण्यासाठी मठाधिपतीने आपला उपवास मोडावा, मात्र तो मोडता न येण्यासारखा मोठा उपवास नसावा. बाकीच्या बंधूंनी आपला उपवास चालू ठेवावा. म्हणजे पाहुण्याला एकट्याने जेवायला लागू नये याची काळजी आणि व्रताची काळजी दोन्ही एकाच वेळी घेतलेली आहे. त्याच नियमावलीत उपवासकाळावर जे प्रकरण आहे त्यात प्रत्येकाने काय सोडणार ते आधी मठाधिपतीला सांगावे असे म्हटले आहे, का, तर त्याचा अभिमान चढू नये म्हणून.

गोडाचे असे करा. टेबलावर मांडू नका. तीळगुळाच्या किंवा शेंगदाणे-गुळाच्या वड्या कागदात बांधून सोबतच्या पिशवीत घाला. ज्याला त्याच दिवशी खायची आहे तो खाईल, ज्याने गोड सोडले आहे तो घरी नेऊन नातवंडांना देईल किंवा ईस्टरपर्यंत ठेवील. नर्मदाकाठच्या दादांचे सदाव्रतच हे. दाल-बाफल्याला माझा विरोध नाही, परंतु तुपात बुडवलेले बाफले रात्री खाऊन पहाटे घाटरस्त्याने बसमधून जायचे आहे, एवढे व्यावहारिक कारणही पुरेसे आहे.

आता मला जे सगळ्यात जास्त लिहायचे होते ते लिहिते. तुमच्या पाहुण्यांपैकी अनेक जण समाधीइतकेच समंदरसिंगच्या गोष्टीसाठी येत असतात. ज्याने सिस्टर राणी मारिया यांच्यावर वार केले तो हा माणूस. त्याला जन्मठेप झाली. सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, याही त्याच संघातल्या धर्मभगिनी. २००२ साली रक्षाबंधनाला त्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याला क्षमा केली, त्याच्या सुटकेसाठीही प्रयत्न झाले, आणि २००६ साली तो सुटला. त्यानंतर तो केरळात सिस्टरांच्या घरी गेला आणि त्यांच्या वृद्ध आईवडिलांना भेटला. ज्याच्या हातून मुलगी गेली त्याला त्या घराने उंबऱ्याच्या आत घेतले. ताई, तुम्ही आतिथ्याविषयी विचारले होते, आणि मला ख्रिस्ती जीवनात याहून मोठे आतिथ्य माहीत नाही. राखी बांधण्याची रीत आमच्या ख्रिस्ती घरांतली नव्हे, ती या मातीची; सिस्टर सेल्मींनी ती उचलली, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

हे सांगण्याचे एक कारण आहे. यात्रेकरू उदयनगरहून परतताना पुष्कळदा गप्प असतात. कोणाला भावाशी तुटलेले बोलणे आठवत असते, कोणाला कोर्टात अडकलेली वाटणी. तुमचा पाहुणचार परतीच्या वेळीही असेल तर त्या वेळी कार्यक्रम, सत्कार, गाणी ठेवू नका. चहा द्या आणि निघू द्या.

आणि डब्याविषयी. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव स्पष्ट म्हणतो की मला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याबरोबर आपली भाकर वाटून घेणे आणि बेघराला घरी आणणे. उपवासकाळात जे खाणे सोडले त्याचे पैसे बाजूला काढून गरजूंना द्यायचे, अशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे, आणि अनेक चर्चमधून त्यासाठी पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्याही वाटतात. तुमचे मंडळ पंगतीऐवजी साधे जेवण करणार म्हणजे खर्चातून काही रक्कम वाचणारच. ती पाहुण्यांच्या हाती देऊ नका, चर्चलाही नको. त्यातून उदयनगरला दुपारचे जेवण थोडे जास्तीचे न्या. सिस्टरांनी ज्यांच्यासाठी जीव दिला ते मजूर आणि त्यांची मुले त्या दिवशी समाधीपाशी येतात, मिस्सानंतर बाजूला उभी राहतात, आणि बाहेरगावचे यात्रेकरू आपापले डबे उघडून गोल करून बसतात. हे मला दर वेळी खटकते. डबे बसमध्येच ठेवायला सांगा, आवारात सतरंज्या घाला आणि सगळ्यांना एकत्र बसवा. तिथल्या सिस्टरांना आधी विचारा, त्या नाही म्हणतील असे वाटत नाही. पत्रावळी आणि पाण्याचे पिंप आपल्याला इथून न्यावे लागेल. माझे यजमान आणि मी २४ तारखेला संध्याकाळी तुमच्याकडे येतो, भाकऱ्या थापायला मी आहे.

नर्मदाकाठ, मंडलेश्वर

पत्रावळी मी पाठवतो. पळसाच्या आहेत. किती लागतील ते कळवा, आणि मजुरांची मुले धरून कळवा.